सकर, शार्क आणि मांगूर : बाजारातल्या नावांचा इतिहास

विषय वाचून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस म्हातारपणी माशांकडे कुठे वळला! पण नाव आणि वस्तू यांचा संबंध काय, हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न आहे, आणि सध्या तो ग्रंथालयापेक्षा फिशटँकच्या दुकानात जास्त स्वच्छ दिसतो.

सुरुवात आपल्या गावापासूनच करू. १९३९ साली इथे एक ताम्रपट उजेडात आला. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा. तो वत्सगुल्म नावाच्या राजधानीतून दिलेला होता. वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशिम, हे त्यावरून पक्कं झालं. पुढे इंग्रजी कागदपत्रांत हेच गाव ‘बासिम’ झालं, त्या नावाचा जिल्हा १९०५ पर्यंत होता, मग तो अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ ला वाशिम म्हणून पुन्हा जिल्हा झाला. वत्सगुल्म, बासिम, वाशिम. नावं तीन, गाव एक. इतिहासकाराचं काम इथे त्यामानाने सोपं असतं: तीन धागे एका खुंटीला बांधायचे.

आज मला याच्या उलट गोष्टीबद्दल बोलायचं आहे. नाव एक आणि त्याच्याखाली वस्तू अनेक. किंवा त्याहून वाईट, नाव तेच राहतं आणि खालची वस्तू गुपचूप बदलते.

कुठल्याही फिशटँकच्या दुकानात जा. काचेला तोंड चिकटवून बसलेला काळपट, खरखरीत मासा दिसेल. दुकानदार म्हणेल ‘सकर’, किंवा ‘टँक क्लीनर’. शेवाळ खातो, टाकी साफ ठेवतो, घेऊन जा. शेजारच्या टाकीत चंदेरी, सतत येरझाऱ्या घालणारी बोटभर पिल्लं असतात, त्यांना ‘शार्क’ म्हणतात. तिसऱ्या टाकीत कधी कधी आरपार दिसणारा मासा असतो, काटा न् काटा मोजून घ्या. तो ‘ग्लास कॅट’. हे तिघेही मिशावाल्या माशांच्या गटातले, म्हणजे इंग्रजीत ज्यांना कॅटफिश म्हणतात त्यातले. आपला मांगूर, शिंगाळा, टेंगरा हे त्यांचे लांबचे भाऊबंद. यातला ‘शार्क’ हा शार्क नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

सकरचं पाहू, कारण त्याचा घोळ सगळ्यात मोठा. १७५८ साली लिनियसने दक्षिण अमेरिकेतल्या एका चिलखती माशाला प्लेकोस्टोमस हे नाव दिलं. आज त्याला हायपोस्टोमस प्लेकोस्टोमस म्हणतात. हौशी लोकांनी त्याचं ‘प्लेको’ केलं, आणि मग तोंडाने चिकटणारा, अंगावर हाडांच्या पट्ट्या असलेला जो म्हणून मासा जहाजातून किंवा विमानातून आला, तो प्लेको ठरला. आपल्याकडे मात्र दुकानात येतो तो बहुतेक वेळा हायपोस्टोमस नसतोच. तो टेरिगोप्लिक्थिस या दुसऱ्याच कुळातला असतो. ओळखायचं कसं? पाठीवरचा पर उभारला की त्यातले मऊ काटे मोजायचे. हायपोस्टोमसला साधारण सात. टेरिगोप्लिक्थिसला नऊ-दहा आणि त्याहून जास्त, त्यामुळे पर शिडासारखा मोठा दिसतो. एवढी मोजणी शाळेतला मुलगाही करू शकेल.

खरी अडचण पुढे आहे. त्या कुळात पुन्हा जाती आहेत. एकीच्या पोटावर सुटे सुटे काळे ठिपके, तिचं नाव पार्डॅलिस, १८५५ साली कास्तेल्नो या फ्रेंच माणसाने दिलेलं. दुसरीच्या पोटावर ठिपके एकमेकांत मिसळून गांडुळांसारख्या रेघा झालेल्या, ती डिसजंक्टिव्हस, तिचं वर्णन वेबर यांनी १९९१ साली केलं. कागदावर फरक सोपा आहे. पण आशियातल्या नद्यांत सुटलेले जे सकर सापडतात, त्यांच्यात दोन्हींच्या मधले नमुने भरपूर निघतात. शेततळ्यांत पैदास करताना दोन्हींचा संकर झाला असावा असं अभ्यासक मानतात. म्हणजे दुकानदाराला ‘ही कोणती जात?’ असं दरडावून विचारलं, तर तज्ज्ञालाही उत्तर देताना घाम फुटेल. दुकानदाराचं ‘सकर’ त्या मानाने प्रामाणिक आहे. ते फक्त एवढंच सांगतं की हा चिकटतो.

इथे मला आपल्या न्यायशास्त्राची आठवण होते. नैयायिकांनी ज्ञानाची चार साधनं मानली, त्यातलं एक उपमान. त्यांचं ठरलेलं उदाहरण गवयाचं. नगरातल्या माणसाने गवय कधी पाहिलेला नाही. अरण्यात राहणारा त्याला सांगतो की गवय गाईसारखा असतो. पुढे हा रानात जातो, गाईसारखं जनावर बघतो आणि त्याला कळतं की गवय म्हणतात तो हाच. उपमानाने काय मिळालं? नाव आणि नावाची वस्तू यांचा संबंध. विद्यार्थी विचारायचे, सर, एवढ्यासाठी वेगळं प्रमाण कशाला? मी म्हणायचो, थांबा, गाईसारखी दिसणारी दोन जनावरं रानात निघाली तर काय कराल? नैयायिकांच्या रानात सोयीने एकच निघतं. आपल्या बाजारात दोन निघतात.

आणि त्या गोष्टीत आणखी एक माणूस आहे, त्याच्याकडे आपलं लक्ष जात नाही. तो अरण्यात राहणारा. सगळं त्याच्या शब्दावर उभं आहे. माशांच्या इतिहासात हा माणूस म्हणजे भोई, ढीवर, बंगालातला जेले.

फ्रान्सिस बुकानन हॅमिल्टन हा स्कॉटिश डॉक्टर कंपनीच्या नोकरीत होता. १८०७ पासून सात वर्षं त्याने बंगाल आणि आसपासच्या मुलखाची पाहणी केली. गंगा आणि तिच्या उपनद्यांतल्या माशांवरचं त्याचं पुस्तक १८२२ साली एडिंबराला छापलं गेलं. त्यात अडीचशेहून जास्त जाती आहेत. या डॉक्टरने एक विलक्षण गोष्ट केली. लॅटिन-ग्रीक शब्द शोधत बसण्याऐवजी कोळ्यांच्या तोंडची नावं उचलली आणि तीच शास्त्रीय नावं केली. रोहिता, कटला, मृगला, काल्बासू, टेंगरा, वाचा, पाबदा, रीटा, मागूर. आपल्या तलावात ठेकेदार जे रोहू, कटला, मृगळ यांचं बोटुकली सोडतो, त्यांची जगभरची शास्त्रीय नावं बंगालच्या कोळ्यांनी ठेवलेली आहेत. मात्र ती सांगणाऱ्या माणसांपैकी एकाचंही नाव आपल्याला माहीत नसतं.

आपल्या मराठी मुलखात हेच काम कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने केलं. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी. भीमा, मुळा-मुठा या नद्यांचे मासे त्याने पाहिले आणि दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध १८३९ ते १८४१ या काळात लंडनला छापला गेला. त्यात मराठी नावं अक्षरशः शिंपडली आहेत. शिंगाळा या माशाचं शास्त्रीय नाव आजही सीनघाला आहे. गोग्रा आहे, कुतुर्नी आहे, ताकरी आहे, गुंगवारी आहे. हे सगळे मिशावालेच. उच्चार साहेबी कानाने ऐकलेले, स्पेलिंग त्याहून साहेबी, पण शब्द इथले. साइक्सची वर्णनं आखूड आहेत, त्यामुळे त्याने नेमका कोणता मासा हातात धरला होता यावर नंतरच्या लोकांना बरीच डोकेफोड करावी लागली. तरी नाव ऐकून घेण्याचा त्याचा कान मला आवडतो.

त्याच भीमेवर आज उजनीचं धरण आहे. उजनीच्या पाण्यात सकर माजलाय, अशा बातम्या गेली काही वर्षं येताहेत. जाळ्यात चांगल्या माशाऐवजी हाच येतो, अंगावरच्या काटेरी पट्ट्यांनी जाळी फाडतो, बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. काठाच्या मातीत बिळं करून तिथे तो अंडी घालतो. पाण्यात प्राणवायू कमी पडला तर वर येऊन हवा गिळतो आणि जठरातून ती वापरतो, त्यामुळे घाण पाण्यातही तगतो. कुणाच्या तरी टाकीत तो मोठा झाला. हा मासा फूट-दीड फुटाचा होतो, हे विकताना कोणी सांगत नाही. मारवेना म्हणून पाण्यात सोडला. दयाळू कृत्य! ज्या नदीवर साइक्सला प्रत्येक माशाला मराठी नाव मिळालं, त्या नदीत आता सगळ्यात जास्त चर्चा आहे ती एका इंग्रजी शब्दाच्या माशाची.

व्यापारी नावांना सरसकट खोटं ठरवायची माझी इच्छा नाही. ग्लास कॅटचं उदाहरण घ्या. हा पारदर्शक मासा जगभरच्या काचघरांत अनेक दशकं विकला जात होता. पुस्तकांत त्याचं नाव होतं क्रिप्टोप्टेरस बिसिर्‍हिस. ते चुकीचं होतं, ते दुसऱ्याच एका मोठ्या माशाचं नाव. मग दुसरं एक नाव लावलं गेलं, तेही चुकलं. शेवटी २०१३ साली एनजी आणि कोटेला या दोन अभ्यासकांनी दाखवलं की थायलंडहून येणारा हा मासा वेगळीच जात आहे आणि त्याला आजवर नावच नव्हतं. त्यांनी ठेवलं व्हिट्रिओलस, काच या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. म्हणजे एवढी वर्षं लॅटिन नाव चुकत होतं आणि दुकानदाराचं ‘ग्लास कॅट’ मात्र त्याच एका माशाकडे बोट दाखवत होतं. मला तर हसूच आलं.

जर्मन हौशी लोकांनी यावर एक युक्ती काढली, ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. ऐंशीच्या दशकात ब्राझीलहून चिलखती माशांच्या इतक्या नव्या जाती येऊ लागल्या की शास्त्रज्ञांना वर्णनं लिहायला सवड मिळेना. व्यापारी मन मानेल तशी नावं देत. तेव्हा ‘डाट्झ’ या जर्मन मासिकाने १९८८ पासून अशा माशांचा फोटो छापायचा, कुठून आला ते लिहायचं आणि एक क्रमांक द्यायचा असं सुरू केलं. एल १, एल २, एल ३. एल म्हणजे लोरिकॅरिडी, या माशांचं घराणं. क्रमांक कसलाच दावा करत नाही. तो एवढंच म्हणतो की हा मासा या ठिकाणाहून आला, असा दिसतो, कोण आहे ते ठरायचं आहे. पुढे एल १ आणि एल २२ ही एकच जात निघाली. हरकत नाही, दोन्ही क्रमांक एका नावाला जोडले. शिंगू नदीतला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एल ४६ हा इतका गाजला की १९९१ साली त्याला हायपॅन्सिस्ट्रस झेब्रा हे रीतसर नाव मिळाल्यावरही लोक त्याला एल ४६ च म्हणतात. त्या नदीवर बेलो मोंतेचं धरण झालं, मासा धोक्यात आला आणि २०२२ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचं करारान्वये असलेलं नियंत्रण आणखी कडक करायचं ठरलं. अज्ञानाला नीट क्रमांक दिला होता, म्हणून त्याचा माग ठेवता आला.

‘शार्क’वर फार वेळ घालवत नाही. ती चंदेरी पिल्लं म्हणजे पंगास, दक्षिण-पूर्व आशियातल्या मेकाँग आणि चाओ फ्राया या नद्यांचा मासा. शास्त्रीय नाव सोवाज याने १८७८ साली दिलं. टाकीत शार्क, मच्छीबाजारात पंगास, पुण्या-मुंबईच्या हॉटेलात बहुतेकदा बासा. खरा बासा हा त्याचा चुलतभाऊ, वेगळी जात. अमेरिकेत तर या माशाच्या नावावरून संसदेत लढाई झाली. व्हिएतनामचा स्वस्त मासा ‘कॅटफिश’ म्हणून विकला जातो म्हणून तिथले मत्स्यशेतकरी चिडले आणि २००२ साली कायदाच झाला की कॅटफिश हा शब्द फक्त अमेरिकी कुळातल्या माशांनाच वापरायचा. संसद ठरवते कॅटफिश म्हणजे काय! गंमत अशी की शेतात कोट्यवधींनी वाढणारा हा मासा मूळ नदीत मात्र संकटग्रस्त यादीत आहे.

आता मांगूर. ही गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली.

हॅमिल्टनने १८२२ साली मागूर हे नाव दिलं. नंतर फ्रान्सिस डे या सर्जनने १८७५ ते ७८ या काळात भारतातल्या माशांवर मोठा ग्रंथ केला, त्यातही मागूर हेच नाव आहे. विसाव्या शतकात मात्र आपल्या पुस्तकांनी तो मासा क्लॅरिअस बॅट्राकस या लिनियसच्या जुन्या नावाखाली घातला. मी पाहिलेल्या प्राणिशास्त्राच्या सगळ्या जुन्या पाठ्यपुस्तकांत तेच आहे. पण लिनियसचा मूळ नमुना शिल्लकच नव्हता. २००८ साली त्याच दोघांनी, एनजी आणि कोटेला यांनी, जावा बेटावरचा एक नमुना प्रमाण म्हणून ठरवला आणि बॅट्राकस हे नाव तिकडच्या माशापुरतं ठेवलं. आपला मासा पुन्हा मागूर झाला. कोळ्यांचं नाव परत आलं.

ज्या १८२२ मध्ये एडिंबराला मागूर छापला गेला, त्याच वर्षी विल्यम बर्चेल याचं दक्षिण आफ्रिकेच्या प्रवासाचं पुस्तक निघालं. त्यात ऑरेंज नदीतल्या एका मिशावाल्या माशाचं वर्णन आहे. त्या नदीचं तिथल्या लोकांचं नाव गरीप, म्हणून मासा गरीपायनस. एकाच साली, दोन खंडांत, दोन चुलतभावांची बारशी झाली. दोघंही लांबट, गुळगुळीत, आठ मिशांचे, दोघंही हवेतून श्वास घेणारे. त्यामुळे दोघांनाही टबात थोड्या पाण्यात जिवंत विकता येतं. फरक आकाराचा. आपला मांगूर हातभर झाला तरी मोठा. आफ्रिकेचा दीड मीटरपर्यंत जातो आणि पन्नास-साठ किलो भरतो. खातो काहीही, कत्तलखान्याचा टाकाऊ मालसुद्धा, आणि भराभर वाढतो.

हा आफ्रिकी मासा थायलंडमध्ये वाढवला गेला, तिथून बांगलादेशात आला आणि तिकडून बंगालच्या सीमेवरून आपल्याकडे शिरला. नाव पडलं ‘थाई मागूर’. दोन शब्द आणि दोन्ही दिशाभूल करणारे. थाई नाही, मागूरही नाही. नाव ठेवणाऱ्याने कपट केलं असं मी म्हणणार नाही. तो जिथून आला ते आणि ज्याच्यासारखा दिसला ते, एवढंच त्याने सांगितलं. तोच आपला गवय! परंतु बाजारात पहिला शब्द गळून पडला आणि उरलं नुसतं मांगूर.

२००० साली केंद्र सरकारने या माशाच्या पालनावर बंदी घातली. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने ती पुन्हा बजावली. त्यानंतर उजनीकाठच्या इंदापूर तालुक्यात, ठाणे जिल्ह्यात भिवंडीकडे बेकायदा तळी उद्ध्वस्त करण्याच्या कारवाया झाल्या. आता विचार करा. बंदी ‘मांगूर’वर आहे असं लोकांच्या कानावर जातं. देशी मांगूर पाळणारा, पकडणारा घाबरतो. त्याच वेळी देशी मांगूर आंतरराष्ट्रीय यादीत संकटग्रस्त आहे. तिकडे बिहारने मांगुराला राज्याचा मासा म्हणून मान दिला आहे. एकाच शब्दाखाली एक गुन्हेगार आणि एक दुर्मीळ जीव राहतो, आणि पंचनामा करणाऱ्याला दोघांतला फरक कळला पाहिजे.

हिलरी पुटनम नावाच्या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७५ साली भाषेतल्या श्रमविभागाची कल्पना मांडली. सोनं हा शब्द आपण सगळे वापरतो, पण खरं सोनं ओळखता येतं ते सोनाराला. त्याच्या भरवशावर आपला शब्द चालतो. पूर्वी मांगुराच्या बाबतीत सोनार होता भोई. त्याने स्वतः तो गाळातून काढलेला असे. आता पहाटे टेंपोतून बर्फाच्या पेट्या आणि टब उतरतात, आणि विकणारी बाईही तो मासा पहिल्यांदा तिथेच बघते. तीही आपल्यासारखीच गिऱ्हाईक झाली. शब्द चालू आहे, पण ज्याच्या भरवशावर तो चालायचा तो माणूस साखळीतून निघून गेला. मांगूर ओढ्यातून नाहीसा होतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही, कारण बाजारात मांगूर रोज आहे. माझी खरी हळहळ याची आहे.

ओळखायच्या खुणा आहेत, त्या सांगून ठेवतो. आफ्रिकी माशाच्या कल्ल्याच्या पहिल्या कमानीवर कंगव्यासारखे दाते असतात, ते फार दाट. मासा मोठा होईल तसे वाढत जातात, शंभराच्या पुढेही. आपल्या मांगुराचे त्या मानाने थोडे आणि विरळ. दुसरी खूण डोक्यावर. डोक्याचं हाड मागे जिथे टोक होऊन संपतं, त्या टोकाचा आकार दोघांत वेगळा असतो, एकदा शेजारी ठेवून पाहिलं की डोळ्याला लागतो. मोठ्या आफ्रिकी माशाच्या अंगावर संगमरवरासारखे डाग दिसतात, पण रंगावर फार विसंबू नका, पाणी बदललं की रंग बदलतो. आणि हातभरापेक्षा मोठा, चार-पाच किलोचा ‘देशी मांगूर’ कोणी विकत असेल तर मोजायचीही गरज नाही.

आपल्या जिल्ह्यापुरतं एक सांगतो. वाशिम हा दोन खोऱ्यांचा उंचवटा आहे. काटेपूर्णा इथून उत्तरेला जाऊन पूर्णेला मिळते, ते पाणी तापीतून अरबी समुद्रात. पैनगंगा, अरुणावती, अडाण यांचं पाणी वर्धा-प्राणहितेतून गोदावरीत आणि बंगालच्या उपसागरात. दोन्हीकडची माथ्याची पाणी आपल्याकडे आहेत. इथल्या एखाद्या तळ्यात टाकीतला मासा कोणी सोडला आणि पावसाळ्यात ते तळं भरून वाहिलं, तर तो खाली कुठवर जाईल हे नकाशावर बोट फिरवून पाहता येतं. म्हणून ज्यांच्या घरी सकर वाढून बसला आहे त्यांनी तो दुकानात परत द्यावा, दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा, पद्मतीर्थात किंवा एकबुर्जीत सोडू नये. आणि सोडलेला कुठे जाळ्यात सापडलाच, तर त्याचा पोटाकडून एक फोटो आणि पाठीचा पर उभारून एक फोटो काढावा, तारीख आणि पाण्याचं नाव लिहावं. जातीचं नाव नाही कळलं तरी चालेल, जर्मनांसारखा क्रमांक टाका.

प्रश्न असतील तर घेऊ. मागे बसलेल्या ताईंचा हात केव्हाचा वर आहे.